बुरशी वनस्पती का नाही, आणि डाउनीचं औषध भुरीला का चालत नाही

प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलंय, घरी द्राक्षबाग आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: बुरशीच्या पेशीला भिंत असते, ती जागची हलत नाही, नेच्यासारखे बीजाणू सोडते, भूछत्राला तर चक्क देठ असतो, आणि शिकवतातही तिला वनस्पतिशास्त्राच्याच पेपरात. मग तिला वनस्पतींतून बाहेर का काढलं? हरितद्रव्य नाही एवढ्यावरून? तसं असेल तर अमरवेलही हिरवी नसते, ती वनस्पती कशी? आणि शेवटी घरचा प्रश्न: द्राक्षवेलीवर येणारे डाउनी आणि भुरी हे दोन्ही रोग बुरशीचेच ना, मग बाबा दोन्हींना वेगवेगळी औषधं का मारतात?

शेवटचा प्रश्न तू सहज जोडलास, पण खरा कस तिथेच लागतो. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवतो, आणि द्राक्ष, आलं, भात, टोमॅटो यांच्या शेतांतले रोगट नमुने तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. वर्गीकरण हा पाठांतराचा विषय आहे असं मुलं धरून चालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फवाऱ्याच्या टाकीत काय ओतायचं आणि दवाखान्यात कोणतं इंजेक्शन द्यायचं, हे शेवटी वर्गीकरणच ठरवतं. म्हणून उत्तर जरा लांबलं तरी वाच.

आधी हरितद्रव्याचा मुद्दा. तुझी शंका अगदी रास्त आहे. 'हरितद्रव्य नाही म्हणून वनस्पती नाही' हे वाक्य परीक्षेत गुण मिळवून देतं, पण ते अपुरं आहे. अमरवेल रताळ्याच्या कुळातली. तिला फुलं येतात, बी धरतं, बियांत गर्भ असतो, खोडात अन्न-पाणी वाहणाऱ्या नलिका असतात. तिच्या पेशींत लवकंही (हिरव्या झाडांत हरितद्रव्य बाळगणारे पेशीतले कण) असतात, फक्त ती कामातून गेलेली, झिजलेली असतात. दुसऱ्याच्या जिवावर जगायला लागल्यावर तिने जे होतं ते गमावलं. बुरशीने काहीच गमावलेलं नाही, कारण तिच्याकडे लवक कधी नव्हतंच. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने प्रकाशसंश्लेषण करणारा नील-हरित जिवाणू गिळला, तो न पचता आतच राहिला, आणि त्यातून हरितलवक आलं. शैवालांपासून वडापर्यंतची सगळी हिरवी शाखा त्या घटनेतून निघाली. बुरशी त्या शाखेवर कधी नव्हतीच. एखादा जीव आज हिरवा आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या वंशातून आला, हे वर्गीकरणात पाहायचं असतं.

आता ती जगते कशी ते बघ. वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करते. प्राणी अन्न तोंडाने पोटात घेतो आणि तिथे पचवतो. बुरशी तिसरंच करते: ती स्वतः अन्नात शिरते, पाचक रस बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि विरघळलेलं तेवढं शोषून घेते. पुस्तकात 'परपोषी' आणि 'मृतोपजीवी' हे शब्द लिहून आपण पुढे जातो, पण बुरशीच्या शरीराची सगळी घडण या खाण्याच्या रीतीतून आली आहे. अन्नात शिरायचं तर शरीर बारीक, लांब आणि टोकाला वाढणारं हवं. म्हणून कवकतंतू. त्याची जाडी साधारण २ ते १० मायक्रोमीटर, आणि तो वाढतो फक्त टोकाकडून. अशा तंतूंचं जाळं म्हणजे कवकजाल, आणि तेच बुरशीचं खरं शरीर. पावसाळ्यात उगवणारं भूछत्र हा त्या जाळ्याने बीजाणू उडवण्यासाठी काही दिवस वर काढलेला भाग. त्याचा देठ दिसायला देठ असला तरी त्यात नलिका नाहीत, झाडासारख्या ऊती नाहीत. ढिंगरी अळंबीचा देठ हाताने उभा फाड, धागेच धागे सुटतील. ते शेजारी शेजारी चिकटून वाढलेले तंतूच आहेत.

आणि या तंतूच्या टोकाला नाजूक समजू नकोस. भातावर करपा आणणारी बुरशी पानावर बसते तेव्हा बीजाणूतून निघालेल्या अंकुराच्या टोकाला एक काळपट घुमट तयार होतो. त्या घुमटाच्या भिंतीवर मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर असतो. आत पाण्याचा दाब वाढत जातो आणि तो सुमारे ८० वातावरण इतका मोजला गेला आहे, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पस्तीसेक पट. त्या दाबाने खालची सूक्ष्म खुंटी भाताच्या पानात घुसते. भातावर वापरलं जाणारं ट्रायसायक्लाझोल बुरशीला थेट मारत नाही. ते मेलॅनिनचा थर होऊ देत नाही, मग घुमटात दाब टिकत नाही आणि बुरशी बाहेरच राहते. जीव कसा जगतो हे कळलं की त्याला अडवायची जागा कळते, ती अशी.

भिंतीचा मुद्दा तू बरोबर पकडलास. बुरशीला पेशीभित्तिका असते, पण ती कशाची? वनस्पतीची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची. बुरशीच्या भित्तिकेत कायटिन आणि ग्लुकान असतात. कायटिन म्हणजे तोच पदार्थ, ज्याचं कोळंबीचं आणि खेकड्याचं कवच असतं, झुरळाचं अंगही. गंमत म्हणजे तो पहिल्यांदा सापडला कीटकांत नाही, अळंबीतच. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला. स्वयंपाकघरातही हा फरक दिसतो. बटाटा उकळत ठेवला की पेशी एकमेकांना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि तो पिठूळ होतो. अळंबी कितीही वेळ शिजव, ती चिवटच राहते, कारण कायटिन उकळत्या पाण्याला दाद देत नाही.

घरी करून बघण्यासारखं अजून एक आहे. बटाट्याची आणि बटण मशरूमची एकेक कच्ची चकती घे आणि दोन्हींवर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाक. बटाटा निळा-काळा पडेल, मशरूम पिवळट-तपकिरीच राहील. वनस्पती साठवणीचं अन्न स्टार्चच्या रूपात ठेवते. बुरशी ते ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, आणि तुझं यकृत नि स्नायूही तेच करतात.

इथून गोष्ट रंजक होत जाते. कायटिन प्राण्यांत, ग्लायकोजेन प्राण्यांत, आणि दोन्ही बुरशीत. १९९३ साली डीएनए आणि प्रथिनांच्या क्रमांची तुलना करणारे दोन स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले, आणि दोघांचा निष्कर्ष एकच होता: बुरशीचे सर्वांत जवळचे नातेवाईक वनस्पती नाहीत, प्राणी आहेत. त्याआधीच, १९८७ मध्ये, थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी प्राणी आणि बुरशी यांना ऑपिस्थोकोंटा या नावाखाली एकत्र मांडलं होतं. आधार होता पोहणाऱ्या पेशीच्या शेपटीचा. पाण्यात राहणाऱ्या आदिम बुरशींना, म्हणजे कायट्रिडना, पोहणारे बीजाणू असतात. त्यांना एकच शेपूट, आणि ती मागे. प्राण्यांच्या शुक्रपेशीचंही तसंच. मॉस आणि नेचे यांच्या शुक्रपेशी मात्र दोन किंवा अधिक शेपट्यांनी पुढून ओढल्यासारख्या पोहतात. जमिनीवरच्या बहुतेक बुरशींनी पुढे ही शेपूट सोडून दिली, कारण बीजाणू वाऱ्यावर उडवता यायला लागले. लायसीन हे अमिनो आम्ल तयार करण्याचा बुरशीचा मार्गही वनस्पतींपेक्षा पूर्ण वेगळा आहे. तुझ्या जीवरसायनाच्या पुस्तकात तो सापडेल, इथे खोलात जात नाही.

प्राण्यांशी असलेल्या या जवळिकीची किंमत आपण महाराष्ट्रात २०२१ मध्ये मोजली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस हा शब्द घराघरांत पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला 'काळी बुरशी' म्हटलं. प्रत्यक्षात म्युकर गटातली बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, पुढचा भाग मरतो आणि तो काळा पडतो. तेव्हा ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. हे औषध काम कसं करतं? आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, वनस्पतींच्या पटलात सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतिजन्य स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्याच जातीचे पदार्थ), आणि बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला धरतं आणि पटल निकामी करतं. पण अर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल यांची रचना इतकी जवळची आहे की थोडा मार आपल्याही पेशींवर बसतो, विशेषतः मूत्रपिंडांवर. म्हणून ते देताना डॉक्टर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहतात.

पेनिसिलिन जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतं. तशी भिंत आपल्या पेशींना नाहीच, त्यामुळे ते आपल्याला फारसं बाधत नाही. बुरशी आपल्या इतकी जवळची आहे की घाव घालायला जागाच थोड्या उरतात. जिवाणूंवर औषधांचे इतके प्रकार आणि बुरशीवर मोजकेच, याचं मोठं कारण हे आहे. या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक प्रतिजैविक शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, पिंपरीवरून ठेवलेलं. पुढे तिथेच ऑरिओफंगिन निघालं आणि ते शेतीतही वापरलं गेलं. दोन्ही ॲम्फोटेरिसिनच्याच घराण्यातली, पटलातल्या स्टेरॉलवरच नेम धरणारी. वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक वर्गात हे सांगितलं जायला हवं असं मला वाटतं.

आता बागेत येऊ.

भुरी ही खरी बुरशी आहे. तिचं शास्त्रीय नाव एरिसायफी नेकेटर. तिच्या भित्तिकेत कायटिन आहे, पटलात स्टेरॉल आहे. डाउनी, म्हणजे ज्याला आपल्याकडे केवडा म्हणतात, तो आणणारा जीव प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला. आणि तो बुरशी नाहीच. वनस्पती नाही, प्राणीही नाही. तो ऊमायसीट नावाच्या गटातला आहे, आणि या गटाचे जवळचे नातेवाईक म्हणजे समुद्रातली तपकिरी शैवालं आणि डायटम. त्याची भित्तिका मुख्यतः ग्लुकान आणि सेल्युलोजची. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि त्यांना दोन शेपट्या असतात: एक केसाळ, पुढे; दुसरी गुळगुळीत, मागे. तरीही तो तंतू काढतो, तंतूच्या टोकाने वाढतो, पानात शिरून अन्न शोषतो. म्हणजे खाण्याची रीत तीच, म्हणून रूपही तेच, पण वंश वेगळा. वटवाघळाला पंख आहेत म्हणून आपण त्याला पक्षी म्हणत नाही, हे तू शाळेतच शिकलीस. इथे तेच आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही म्हणून शंभर-दीडशे वर्षं भलेभले फसले.

पानावर हा फरक बघता येतो. छाटणीनंतर पावसाळी हवा असेल तेव्हा डाउनी लागलेलं पान तोड. वरच्या बाजूला फिकट पिवळा, तेलाचं बोट लागल्यासारखा डाग दिसेल. पान उलटं कर. बरोबर त्याच डागाखाली पांढरी, कापसासारखी लव असेल. ती खालीच का? कारण द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात, आणि डाउनीचे बीजाणूदांडे त्या रंध्रांतूनच बाहेर येतात. भिंगाखाली ते फांद्या फुटलेल्या चिमुकल्या झुडपासारखे दिसतात. ही लव थंड पाण्याच्या थेंबात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की काही वेळाने लिंबाच्या आकाराच्या पिशव्यांच्या तोंडातून एकेक बीजाणू निसटतो आणि वेडीवाकडी वळणं घेत पोहायला लागतो. विद्यार्थ्याने हे एकदा पाहिलं की ऊमायसीट बुरशी का नाहीत हे मला फार समजावावं लागत नाही. आणि पानावर पाण्याचा पापुद्रा असल्याशिवाय डाउनी का पसरत नाही, रात्रीचं दव आणि रिमझिम पाऊस बागायतदाराची झोप का उडवतात, हेही त्यातच आलं: पोहायला पाणी लागतं.

भुरीचं उलटं. ती पानाच्या वरच्या बाजूलाही असते, कोवळ्या मण्यांवर असते, आणि राख उधळल्यासारखी दिसते. बोटाने पुसली तर निघते, कारण तिचं बहुतेक शरीर पानाच्या वरच असतं. फक्त बाह्यत्वचेच्या पेशींत ती शोषक खुपसते. सूक्ष्मदर्शकाखाली पिंपाच्या आकाराचे बीजाणू दिसतात. तिला उघडं पाणी नको असतं, उलट साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना बाधतं. ढगाळ, दमट पण कोरडी पानं असलेली हवा आणि दाट विस्तार असला की ती फोफावते.

आता बाबांच्या औषधांकडे बघ, म्हणजे सगळं जागेवर बसेल. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल ही ट्रायाझोल गटातली औषधं बुरशीची स्टेरॉल तयार करण्याची साखळी तोडतात. भुरी ती साखळी वापरते, म्हणून ती अडते. डाउनीचा जीव स्टेरॉल स्वतः बनवतच नाही, मग तोडणार काय? कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीविभाजनातल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ऊमायसीटांच्या ट्युब्युलिनवर त्याची पकड बसत नाही. उलट बाजूने, मेटॅलॅक्सिल ऊमायसीटांच्या आरएनए बनवणाऱ्या विकरावर घाव घालतं, आणि भुरीवर त्याचा उपयोग शून्य. मँडीप्रोपॅमिड तर ऊमायसीटांचं सेल्युलोज बनवणारं विकर बंद पाडतं. कायटिनची भिंत असलेल्या भुरीला त्याचं काय? मग काही औषधं दोघांना कशी चालतात? ॲझॉक्सीस्ट्रोबिन तंतुकणिकेतल्या श्वसनावर काम करतं, आणि ती यंत्रणा दोघांकडेही आहे. ताम्र आणि मँकोझेब एकाच ठिकाणी नाही तर अनेक ठिकाणी घाव घालतात. गंधक भुरीचं जुनं, भरवशाचं औषध आहे, डाउनीवर ते भागत नाही. लेबलवर 'बुरशीनाशक' एवढाच शब्द छापलेला असतो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

हा गोंधळ द्राक्षापुरताच नाही. सातारा भागात आल्याची कंदकूज बघायला गेलं की बऱ्याचदा आधी कार्बेन्डाझिमची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) झालेली असते. कूज पिथियममुळे असेल तर पैसा वाया गेला, कारण पिथियम ऊमायसीट आहे. फ्युजॅरियम असेल तर गोष्ट वेगळी, ती खरी बुरशी आहे. टोमॅटो-मिरचीच्या रोपवाटिकेत रोपं कोलमडतात तेव्हाही तेच: पिथियम की रायझोक्टोनिया ही खरी बुरशी, हे कळल्याशिवाय औषध ठरवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दोन-चार दिवस लागतात, रोपं तोवर थांबत नाहीत, हे मला कळतं. तरीही नमुना पाठवाच, निदान पुढची आळवणी तरी योग्य होईल.

१८४५ मध्ये आयर्लंडचं बटाट्याचं पीक ज्या करप्याने बुडालं आणि सुमारे दहा लाख माणसं भूक आणि रोगराईने मेली, तो फायटोफ्थोरा इन्फेस्टन्सही ऊमायसीटच. द्राक्षावरचा डाउनी अमेरिकेतून युरोपात आला आणि १८७८ मध्ये फ्रान्सच्या मळ्यांत दिसला. त्याच्यावर उपाय शोधताना बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्देंनी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण १८८५ मध्ये जाहीर केलं. आजही तुमच्या बागेत जे बोर्डो मारतात ते हेच. या सगळ्या काळात ऊमायसीटांना बुरशीच मानलं जायचं. उपाय मिळाला, कारण तांबं वंश बघत नाही. नेमकी औषधं मात्र वंश कळल्यावरच समजून घेता आली.

आता 'मग इतकी वर्षं बुरशी वनस्पतीत का होती' याचं उत्तर. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये सजीवांचे दोनच भाग केले होते. जे चालत-फिरत नाही ते वनस्पतीत. नेचे, मॉस, शैवाल आणि बुरशी या सगळ्यांना त्याने 'ज्यांचं लग्न लपलेलं आहे' अशा चोविसाव्या वर्गात कोंबलं. बुरशीचा अभ्यास मग वनस्पतिशास्त्रज्ञांनीच केला, नमुने वनस्पतिसंग्रहालयांत गेले, आणि नावं वनस्पतींच्या नियमावलीने दिली गेली. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या आणि कवकांना, म्हणजे बुरशींना, स्वतःची सृष्टी दिली. तुझ्या शाळेच्या पुस्तकातलं पंचसृष्टी वर्गीकरण ते हेच. व्हिटेकर यांचा मुख्य आधार होता पोषणाची रीत: वनस्पती बनवते, प्राणी गिळतो, कवक शोषतं. विचार सुंदर आहे, पण त्याच कसोटीमुळे शोषून खाणारे ऊमायसीटही त्यांच्या कवकांतच राहिले. ते बाहेर पडले ते रेणूंचे पुरावे भक्कम झाल्यावर. म्हणून पंचसृष्टी परीक्षेला लिही, पण तो शेवटचा शब्द समजू नकोस. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतून 'वनस्पतिशास्त्रीय' हा शब्द जाऊन 'शैवाल, कवक आणि वनस्पती' असं नाव यायला २०११ ची मेलबर्नची परिषद उजाडली. आपल्या विद्यापीठांत बुरशी वनस्पतिशास्त्राकडे राहिली ती या जुन्या व्यवस्थेमुळे, आणि त्यात वाईट काही झालं असं मी म्हणणार नाही. भारताचा राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आहे, तो वनस्पतिशास्त्रज्ञांनीच जोपासला. संधी मिळाली तर बघून ये.

अपवादही सांगायला हवेत, नाहीतर तू एखादी खूण घट्ट धरून बसशील. न्युमोसिस्टिस नावाचा फुप्फुसाचा रोग आणणारा जीव अनेक वर्षं प्राणिसदृश एकपेशीय समजला जायचा. १९८८ मध्ये त्याचा आरएनए तपासल्यावर तो बुरशी निघाला. त्याच्या पटलात अर्गोस्टेरॉल जवळजवळ नाही, त्यामुळे ॲम्फोटेरिसिनचा त्याच्यावर भरवसा नाही. म्हणजे 'अर्गोस्टेरॉल असेल तरच बुरशी' ही व्याख्याही चालत नाही. एकेका खुणेने वर्ग ठरत नाही. खुणा वंशाकडे बोट दाखवतात, आणि निर्णय वंशावर होतो.

दगडफूल तर तुमच्या घरच्या गोड्या मसाल्यातच असेल. ते फूल नाही, आणि सरळ वनस्पतीही नाही. ते लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शरीराचा मोठा भाग बुरशीचा, आत हिरव्या शैवालाचा पातळ थर. वाळलेला तुकडा पाण्यात भिजवून नखाने वरची करडी साल खरवडली तर खालचा हिरवट थर दिसतो. शैवाल अन्न बनवतं, बुरशी राहायला जागा देते आणि ओल धरून ठेवते. लायकेनला शास्त्रीय नाव देताना ते त्यातल्या बुरशीचं धरतात.

घरात हमखास निघणारा प्रश्न अळंबी शाकाहारी का हा. जीवशास्त्राच्या हिशोबाने ती ना वनस्पती ना प्राणी. ताटात काय घ्यायचं हे ज्याच्या त्याच्या आचारावर सोडावं, त्याचा निकाल वर्गीकरणाने देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक उपयोगाची गोष्ट मात्र सांगतो: मशरूम चिरून थोडा वेळ उन्हात ठेवली तर तिच्यातल्या अर्गोस्टेरॉलपासून ड-२ जीवनसत्त्व तयार होतं. भाजीपाल्याच्या टोपलीतली दुसरी कुठलीही गोष्ट या बाबतीत तिच्या जवळपास येत नाही.

परीक्षेत लिहायचं असेल तर क्रम असा ठेव: पोषणाची रीत, भित्तिकेतलं कायटिन, साठवणीचं ग्लायकोजेन, पटलातलं अर्गोस्टेरॉल, लवकांचा आणि गर्भाचा अभाव, आणि शेवटी प्राण्यांशी असलेलं नातं. हरितद्रव्य पहिलं लिहू नकोस, ते यातूनच येतं.

आणि बाबांसाठी. डाग डाउनीचाच आहे की नाही अशी शंका आली तर संध्याकाळी डाग असलेली दोन-चार पानं तोडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाच्या बोळ्यासकट ठेवा, पिशवी फुगवून तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधाऱ्या जागी राहू द्या. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला डागावर ताजी पांढरी लव आली असेल तर तो डाउनी आहे आणि जिवंत आहे. मग ट्रायाझोलचा डबा बाजूला ठेवायचा आणि ऊमायसीटवर चालणारं, द्राक्षासाठी शिफारस असलेलं औषध घ्यायचं, काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ बघून. लव आली नाही तर डाग जुना असेल किंवा कारणच दुसरं असेल. तेव्हा फवारणीची घाई न करता पान भिंगाखाली धरायचं.